विडंबन कोणाचे, ते खेळाच्या नियमांत बघा

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

गणपतीला नाहीतर मे महिन्यात चाकरमानी गावी आले की मुंबईच्या भावंडांच्या मोबाइल-लॅपटॉपमधले नवे गेम इथल्या पोरांच्या हाती लागतात आणि मागोमाग घराघरांत तोच वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, बायकांची अशी विटंबना करणारे गेम सरसकट बंद करा. दुसरी म्हणते, ते विडंबन आहे, तुम्हाला कळत नाही. आम्ही रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात संगणक शिकवतो, गेम कसा बांधतात तेही शिकवतो. आमच्या मते दोन्ही बाजू एकच काम टाळतात. ते काम म्हणजे गेम उघडून त्याचे नियम बघणे.

सिनेमात दिग्दर्शक दाखवेल तेवढेच आपण बघतो. गेममध्ये खेळणारा काहीतरी करतो आणि गेम त्याला उत्तर देतो. पैसे देतो, गुण कापतो, बंद दार उघडतो, पोलीस मागे लावतो किंवा काहीच करत नाही. टर बाईची उडवली आहे की बाईला कमी लेखणाऱ्याची, हे त्या उत्तरांवरून कळते. चित्र आणि संवाद त्यानंतर बघायचे.

‘जीटीए’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) या मालिकेतला ‘जीटीए व्हाइस सिटी’ घ्या. गेम २००२ सालचा, तरी तालुक्याच्या गावांतल्या जुन्या कॉम्प्युटरांवर आजही सापडतो. १९८६ सालचे, मायामीच्या धर्तीवरचे शहर. त्यात रस्त्यावर उभ्या वेश्येजवळ गाडी थांबवली की ती आत बसते. गाडी आडोशाला नेली की क्षणाक्षणाला पैसे कमी होतात आणि खेळणाऱ्याच्या आरोग्याचा आकडा वाढतो, थेट १२५ पर्यंत. सुरुवातीला औषधाच्या पेटीने तो १०० च्या वर जात नाही. हा झाला एक नियम. दुसरा नियम असा की, मेलेल्या कोणाही पादचाऱ्याजवळ नोटा पडतात आणि त्या उचलता येतात. तिला मारा असे गेममधले कोणतेही मिशन सांगत नाही, आणि नोटांचा नियम तिच्यासाठी वेगळा लिहिलेलाही नाही. पण दोन नियम शेजारी ठेवले की हिशोब आपोआप जुळतो: आरोग्य घ्यायचे, मग तिला मारून नोटा उचलायच्या. दहा वर्षांच्या पोरालाही हे एका दुपारी सापडते. हे टाळायचे तर तिच्याजवळ नोटा पडणार नाहीत एवढी एक अट प्रोग्रॅममध्ये घालायची होती. ती घातली नाही. ‘गेम तसे सांगत नाही’ हे खरे आणि ‘गेम त्याचा मोबदला देतो’ हेही खरे. इथे विडंबन कोणाचे झाले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. त्या बाईला नाव नाही, गोष्ट नाही. गेमच्या लेखी ती फक्त मोठी औषधाची पेटी आहे.

मग या गेममधले विडंबन आहे कुठे? ते आहे, आणि धारदार आहे, पण रेडिओत. गाडीत बसले की ‘व्हीसीपीआर’ नावाच्या वाहिनीवर चर्चा चालतात, ‘के-चॅट’वर मुलाखती होतात. त्यांत अमेरिकेतले पुढारी, उपदेशक, पैशाची हाव आणि फुकाची प्रसिद्धी यांची सालटी काढली आहेत. सगळे भरभर, बोली इंग्रजीत. गेम बनला एडिंबरोत, थट्टा अमेरिकेची, आणि खेळतो देवरुखातला मराठी शाळेत शिकणारा सातवीचा मुलगा. तो चर्चेची वाहिनी बदलून गाणी लावतो. मराठी-हिंदीत वाचायला उपशीर्षके नाहीत. म्हणजे त्या मुलाच्या वाट्याला गोळीबार, गाड्या आणि ती औषधाची पेटी एवढेच येते. ज्याच्या आधारावर या सगळ्याला विडंबन म्हणायचे तो भाग त्याच्यापर्यंत पोचतच नाही. संदर्भ गेममध्ये असणे वेगळे आणि खेळणाऱ्याला तो लागणे वेगळे. हा भेद आपल्याकडच्या चर्चेत कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

‘जीटीए ५’ सप्टेंबर २०१३ मध्ये आला. कथेत आळीपाळीने खेळता येणारी माणसे तीन, तिन्ही पुरुष. त्याच वेळी ‘गेमस्पॉट’ या संकेतस्थळावरच्या समीक्षकाबाईंनी त्याला १० पैकी ९ गुण दिले आणि सोबत हा गेम स्त्रीद्वेष्टा आहे असे स्पष्ट लिहिले. तेवढ्यावरून त्यांना नोकरीवरून काढा अशी याचिका फिरली. गुण नऊ आणि दोष एक, हे एकाच कलाकृतीबद्दल एकाच वेळी खरे असू शकते, एवढे चाहत्यांना सोसले नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरात ऑस्ट्रेलियात उलटे घडले. तिथल्या एका याचिकेनंतर ‘टार्गेट’ आणि ‘केमार्ट’ या दुकानांनी गेम काढून टाकला. पण त्या याचिकेत बायकांवरच्या अत्याचाराबद्दलच आरोग्याचे गुण मिळतात अशा अर्थाचा दावा होता, आणि तो नियम तसा नाही. विरोधकांनी नेमकी ती चूक धरली आणि रास्त तक्रारही सोबत वाहून गेली. म्हणून आमचा आग्रह आहे की, विरोध करायचा तर नियम नीट वाचून करा.

त्या गेममधला खरा आक्षेपार्ह नियम कमी लोकांनी दाखवला. नाच चालणाऱ्या क्लबात एक उपखेळ आहे. नाचणाऱ्या बाईला हात लावायचा, पण रखवालदाराची पाठ असताना. त्याच्या नजरेस पडलात तर तो बाहेर काढतो. न सापडता जितका वेळ हात, तितकी पडद्यावरची पट्टी भरते आणि पट्टी भरली की ती बाई सोबत घरी यायला तयार होते. चोरून हात लावला की तिला तो आवडतो, असा हा नियम आहे. पुरुषांच्या पोकळपणावर टीका करायची असती तर पट्टी भरल्यावर त्या पुरुषाचे काहीतरी हसे व्हायला हवे होते. तसे काही होत नाही. आणि विडंबन कसे करायचे हे या मंडळींना येत नाही असेही म्हणता येत नाही. त्याच गेममध्ये सरकारी माणसाच्या हुकमावरून एका कैद्याचा छळ करायला लावतात आणि लगेच पुढच्या प्रसंगात, त्या कैद्याला विमानतळावर सोडताना, छळ करणाराच सांगतो की असल्या छळातून माहिती मिळत नाही. तिथे गेमने डाव छळ करणाऱ्यांवरच उलटवला. क्लबात तो उलटवला नाही.

आता याच्या विरुद्ध बाजूची दोन उदाहरणे. २०१२ च्या ‘हिटमॅन अॅब्सोल्यूशन’ या सुपारी घेणाऱ्या मारेकऱ्याच्या गेममध्ये क्लबातल्या नाचणाऱ्या बायकांना मारता येते, म्हणून त्यावर टीका झाली. मात्र त्या गेममध्ये लक्ष्य सोडून इतर कोणालाही मारले की गुण कापले जातात. गेम नाही म्हणतो, आणि आकड्यांत म्हणतो. त्याच गेमच्या जाहिरातीत नन्सच्या वेशातल्या मारेकरी बायका चकचकीत तंग कपड्यांत दाखवल्या होत्या. त्याला मात्र कसलाच बचाव नाही. गेम आणि गेमची जाहिरात यांचे माप वेगवेगळे घ्यावे लागते. २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्पशन २’ चा काळ १८९९ चा. त्यात भर रस्त्यात बायकांच्या मताधिकारासाठी ओरडणारी एक कार्यकर्ती आहे. तिला मारहाण करतानाची चित्रफीत यूट्यूबवर गाजली, ज्याने टाकली त्याचे चॅनल बंद झाले आणि मग परत सुरू झाले. त्या फितीच्या शीर्षकातच तिला ‘त्रासदायक स्त्रीवादी’ म्हटले होते. गेम काय करतो? निरपराध माणसावर हात टाकला की ‘ऑनर’, म्हणजे नायकाच्या अब्रूचा आकडा, घसरतो. ऑनर वर असला की दुकानात सवलत मिळते, घसरला की ती जाते. काळ्या लोकांचा द्वेष करणाऱ्या ‘कू क्लक्स क्लॅन’च्या माणसांना मारले तर मात्र ऑनर कमी होत नाही. कथेत नायक त्याच मताधिकारवाल्या बायकांची गाडी मिरवणुकीत हाकतो. म्हणजे गेमची बाजू स्पष्ट आहे. अर्ध्या मिनिटाच्या फितीत ती दिसत नाही, कारण ऑनरचा परिणाम त्यानंतर तासाभराने दुकानात कळतो. इथे दोष फितीचा आणि तिच्या शीर्षकाचा. गेमवर तो लादणे बरोबर नाही.

‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ची गोष्ट वेगळी. १९८० च्या दशकातल्या पिळदार नायकांची थट्टा म्हणून हे पात्र उभे राहिले. २०११ च्या या गेममध्ये अनेकांनी मिळून खेळायचा एक प्रकार होता. शत्रूचा झेंडा पळवून आणायच्या खेळासारखाच, पण झेंड्याच्या जागी बाई. तिला खांद्यावर टाकून आपल्या तळावर आणायची, आणि वाटेत ती खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवायला लागली तर चापट मारून गप्प करायची. थट्टा नायकाची असेल तर हरायला नायक हवा. इथे जिंकायला चापट लागते. ज्याची टर उडवायची त्याच्याच पदरात गुण टाकले की विडंबन मोडते, आणि उरते ती मूळचीच गोष्ट.

आपल्या भागातल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. दशावतारात आड-दशावताराच्या, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या पूर्वरंगाच्या वेळी संकासुर येतो. काळा वेश, मालवणीतले आडवेतिडवे बोलणे. ब्राह्मणालाही सोडत नाही. लोक पोट धरून हसतात. पण तो वेद चोरणारा असुर आहे हे पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊक असते आणि शेवटी विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. त्याचे बोलणे त्या चौकटीत राहते. शिमग्यातल्या फाका आणि बोंबाही ठरल्या दिवसांपुरत्या, ठरल्या ठिकाणी; एरवी कोणी तसे ओरडला तर गाव जाब विचारते. चौकट कुठे सुरू होते, कुठे संपते आणि आतल्याला काय किंमत मोजावी लागते, हे तीनही ठरलेले असते. (या परंपरांतही बाईच्या नावावर काढलेले सगळेच विनोद निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. समोर बसलेल्या बायकांना ते नेहमी आवडत होते असेही नाही.) गेमबद्दल विचारायचे ते हेच तीन प्रश्न आहेत.

नियमांतून केलेले चांगले विडंबन कसे असते, तेही पोरांना दाखवायला हवे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’पासून ‘पळवलेली बाई आणि तिला सोडवणारा’ हा साचा चालत आला. १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये नायक शेवटी लग्नमंडपात नायिकेला सोडवायला धावतो आणि कळते की तिने स्वतःच्या सुटकेचा बेत आधीच आखला होता. याच्या येण्यानेच तो फिसकटतो. सगळा गेम ज्या सुटकेसाठी खेळलो तीच अडचण ठरली, हे खेळणाऱ्याच्या अंगावर येते. २००८ च्या ‘ब्रेड’मध्ये वेळ मागे फिरवता येते. शेवटच्या टप्प्यात राजकन्या एका सरदाराच्या तावडीतून पळत नायकाला साथ देते आहे असे वाटते. मग तोच प्रसंग उलट्या क्रमाने फिरतो आणि दिसते की ती नायकापासूनच पळत होती. एकही भाषण नाही. इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही ते कळते.

आपल्याकडचीही दोन नावे सांगतो. पुण्यात बनलेला ‘राजी’ २०२० मध्ये आला. त्यात असुरांनी पळवलेल्या भावाला बहीण सोडवायला निघते. दुसरा कोलकात्यातून आलेला ‘मिसिंग’. त्यात विक्री झालेली मुलगी खेळणारा स्वतः असतो. गिऱ्हाईक, दलाल, पैसा हे सगळे तिच्या बाजूने भोगावे लागते. व्हाइस सिटीतल्या त्या बाईच्या जागी खेळणाऱ्याला बसवले की काय होते, ते यात दिसते. हा लहानांना एकटे खेळायला देऊ नये. नववी-दहावीच्या मुलांसोबत मोठ्याने शेजारी बसून खेळावा.

वयाच्या रेटिंगवर फार विसंबू नका. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून रेटिंगची व्यवस्था आहे. आपल्याकडे सिनेमाला १९५२ च्या कायद्याने प्रमाणपत्र लागते, गेमला तसे मंडळ नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा १९८६ चा कायदा आहे, पण तो जाहिरात, छापील मजकूर, चित्र यांच्या भाषेत लिहिलेला आहे. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळण्यावर आहे. बाई कशी दाखवली याच्याशी त्याचा संबंध नाही. प्ले स्टोअरवर दिसणारे ३+, ७+, १२+, १६+, १८+ हे आकडे हिंसा, लैंगिक दृश्ये, भाषा, जुगार अशा गोष्टी मोजतात. बाईला कमी लेखणे त्यांत नीट मोजले जात नाही. मारियोच्या मालिकेतल्या २००५ च्या ‘सुपर प्रिन्सेस पीच’मध्ये राजकन्याच नायिका आहे आणि गेम लहान मुलांसाठीचा आहे, पण तिच्या शक्ती कोणत्या? आनंद, राग, शांतपणा आणि रडणे. मारियोला उडी आणि हिला अश्रू. रेटिंग त्याला अडवत नाही.

रेटिंग चुकण्याची आणखी दोन कारणे आहेत. ‘जीटीए सॅन अँड्रियास’मध्ये डिस्कवर एक लैंगिक उपखेळ दडवून ठेवलेला होता. २००५ मध्ये एका मोडने (बाहेरच्या कोणी गेममध्ये केलेल्या बदलाने) तो उघडला आणि जुलैत अमेरिकेतले रेटिंग बदलून ‘फक्त प्रौढांसाठी’ करावे लागले. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या प्रतींत असे मोड आधीच घातलेले असतात, आणि त्यांना खोका नसल्याने रेटिंगही नसते. दुसरे म्हणजे अँड्रॉइडवर अधिकृत ‘जीटीए ५’ नाही. त्या नावाची जी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून थेट मोबाइलमध्ये टाकायची अॅपची फाइल) पोरे शोधून उतरवतात ती खोटी असते. बरेचदा मोबाइलमध्ये जाहिरातींचा नाहीतर व्हायरसचा शिरकाव तिथूनच होतो.

तपासायचे कसे? एक तास द्या. कोऱ्या कागदावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने करा: कोण, ती काय करते, गेमने काय दिले. पहिला अर्धा तास मुलगा नेहमीसारखा खेळू द्या आणि भेटणारी प्रत्येक बाई लिहा. तिला नाव आहे का, ती बोलते का, तिच्याकडे काही काम आहे का, की ती बक्षीस आहे. पुरुषांचाही हिशोब शेजारी ठेवा, नाहीतर गेम सगळ्यांनाच तुच्छ लेखतो की फक्त बायकांना, हे समजणार नाही. दुसऱ्या अर्ध्या तासात कंट्रोलर स्वतः घ्या आणि मुद्दाम वाईट वागा. निरपराध माणसाला धक्का द्या, बाईच्या वाटेला जा, आणि पडद्यावरचे आकडे बघा. पैसे वाढले, गुण कापले, पोलीस आले, कोणी रागावले की काहीच झाले नाही? ‘काहीच झाले नाही’ हेही उत्तर आहे, ते लिहून ठेवा. बहुतेक पालक इथे चुकतात, कारण ते फक्त बघतात. मुलगा आईबाबांसमोर शहाण्यासारखा खेळतो आणि गेमचे खरे नियम उघडेच पडत नाहीत. शेवटी मुलाला विचारा, इथे कोणाची टर उडवली आहे. त्याला एका वाक्यात सांगता आले तर संदर्भ पोचला. नाही आले तर तो गेम दोन वर्षांनी.

मोबाइलवर मात्र याहून मोठी अडचण वेगळीच आहे. कँडी जुळवण्याच्या, खिळे ओढण्याच्या फुकट गेमना ३+ मिळते, पण त्यांच्यामध्ये येणाऱ्या जाहिराती बघा. नवऱ्याने हाकललेली, विस्कटलेल्या केसांची, पोटुशी बाई बर्फात बसलेली. समोर पर्याय, हिला आधी मेकअप द्यायचा की कपडे? चुकीचे दाबले की नवरा हसतो आणि दुसरीचा हात धरून जातो. यात विडंबनाचा लवलेश नाही, आणि हे पाच वर्षांची मुलगी दिवसातून वीसदा बघू शकते. गाजलेल्या गेमवर इतकी पत्रे येतात, यावर एकही नाही. ऑफलाइन चालणारा गेम असेल तर मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करून खेळायला द्या, जाहिराती बहुधा थांबतात. तरी आलीच तर जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या खुणेवर दाबून तक्रार नोंदवता येते. प्ले स्टोअरमध्ये वर प्रोफाइलचे चित्र, मग सेटिंग्ज, फॅमिली, पॅरेंटल कंट्रोल्स. ते चालू करून चार आकडी पिन घाला आणि वयाची मर्यादा निवडा. आधीच घेतलेले गेम याने जात नाहीत आणि बाहेरून टाकलेल्या एपीकेला हे लागू नाही. ती दोन्ही हाताने तपासून काढा.

अनेकांनी मिळून खेळायच्या गेममध्ये बोलण्याचे रेटिंग कोणीच देत नाही. प्ले स्टोअर फक्त ‘युजर्स इंटरॅक्ट’ (खेळणारे एकमेकांशी संपर्क करू शकतात) एवढे सांगते. ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) सारख्या गोळीबाराच्या गेममध्ये मुलीचा आवाज ऐकला की काय काय बोलले जाते ते मुलींना विचारा. त्यामुळे कित्येक जणी माइक बंद ठेवून खेळतात आणि संघात मागे पडतात, कारण शत्रू कुठे आहे हे बोलून सांगावे लागते. माइक आणि स्पीकरच्या खुणा पडद्यावरच्या छोट्या नकाशाजवळ असतात. अनोळखी लोकांत खेळताना स्पीकर फक्त संघापुरता ठेवावा, आणि घाण बोलणाऱ्याची तक्रार तो सामना संपल्यासंपल्या करावी. नंतर त्याचे नाव शोधणे जिकिरीचे जाते. मुलगे ऐकत असतील तर तक्रार त्यांनीही करावी.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. एखाद्या गेमवरून वाद झाल्याची बातमी छापताना शेजारी चार ओळींची चौकट द्यावी. खेळणारा कोण होऊ शकतो, आक्षेपाचे कृत्य केल्यावर गेम काय देतो किंवा कापतो, संवाद कोणत्या भाषांत आहेत, आणि अनोळखी माणसांशी बोलणे चालू असते का. ‘व्हाइस सिटी’ची चौकट अशी होईल: एक पुरुष, मारल्यावर नोटा मिळतात, मराठी-हिंदी नाही, अनोळखी बोलणे नाही. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ची: कथेत पुरुष, ऑनर कापला जातो, मराठी-हिंदी नाही, ऑनलाइन खेळात बोलणे चालू. आपण छापणार असाल तर दर महिन्याला चार गेमच्या अशा चौकटी खेळून, तपासून, विनामूल्य पाठवायला आम्ही तयार आहोत.

आपले,
संगणक शिक्षक, रत्नागिरी व कणकवली